बंदुकीच्या दस्त्यावर हळदीचं बोट

मंडळी, इथल्या नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे जर्मन क्लबात, जाऊन मला ठासणीच्या बंदुकीचा नाद लागलाय. घरी जोडायचा महागडा संच मागवला होता, तो आज सकाळी आला. नळी, चाप आणि अक्रोडाच्या लाकडाचा देखणा दस्ता.

आज खंडेनवमी. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "आधी हळदकुंकू लाव, मग काय ती खटपट कर." मी कोऱ्या लाकडाला ओल्या हळदीचं बोट लावलं.

दुपारी डाग पॉलिश पेपरने घासला. डाग गेला, पण केसाएवढी पिवळी रेघ राहिली, नेमकी मुठीपाशी. लाकडात भेग होती आणि हळद तिच्यात उतरली होती. बार उडताना तिथेच धक्का बसतो, गालाजवळ.

दुकानदाराला फोटो पाठवला. हळद लावून, वर घासलेलं लाकूड तो परत घेईल असं वाटत नव्हतं. त्याने कुरकुर न करता बदलून द्यायचं कबूल केलं. फक्त विचारलं, "हे पिवळं काय आहे?"

जुने कारागीर हत्यारांना हळद लावून भेगा शोधत असतील का? कुणाच्या घरी असं काही ऐकलंय?

मी नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात हेच करतो. सुट्या भागाला रंग लावायचा, पुसायचा, रेघ उरते का बघायचं. आईला हे सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिथे रोज पूजाच करता की."