मृगांक टॉकीजचा शेवटचा बॅनर

मे महिन्यातली दुपार. जेवणं उरकून शालनताई कूलरसमोर चटईवर पाठ टेकतात. बाहेर गडहिंग्लजच्या पत्र्यांवर ऊन तडतडतं आहे. डोळे मिटतात, पण झोप पुरती लागत नाही. कूलरची घरघर ऐकू येत राहते, आणि तिच्या आतून दुसरी एक घरघर, जुनी, ओळखीची. सिनेमाच्या मशीनची.

उन्मेष, त्यांचा एकुलता एक मुलगा, नुकताच बाहेर पडला आहे. मृगांक टॉकीज उद्यापासून पाडायला घेणार आहेत. पडद्यामागच्या माळ्यावर जुने बॅनर गुंडाळून ठेवलेत असं वॉचमननं सांगितल्यापासून त्याला घास गोड लागत नव्हता. त्याला हे वेडच आहे. सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, ‘कृपया शांतता राखा’ लिहिलेल्या काचेच्या स्लाइडा, भोंग्याचा ग्रामोफोन, इतकंच काय, मध्यंतरात सोडा विकायला यायचे त्यांचा बाटल्यांचा लाकडी खोकासुद्धा त्यानं घरी आणून ठेवला आहे.

“आजोबांच्या हातचा एक तरी बॅनर मिळेल बघ,” जाताना तो म्हणाला.

आजोबा म्हणजे केरबा पेंटर, शालनताईंचे वडील, घरच्यांचे आप्पा. मृगांकच्या दर्शनी भिंतीवर बॅनर चढवत असताना बांबूची परांची सुटली आणि ते खाली आले. जागच्या जागी गेले. उन्मेष तेव्हा पोटात होता.

घरघर वाढते. कूलरमधलं पाणी संपलं असेल, बघावं, म्हणून शालनताई उठतात. स्वयंपाकघराच्या दाराला जाड काळा पडदा लावलेला आहे. तो सारून त्या आत जातात, तर पायाखाली जमीन उतरती होत जाते. दोन्ही बाजूंना लाकडी खुर्च्या. भुईमुगाची टरफलं चपलांखाली चुरचुरतात.

“पडदा लावून घे,” समोरून आवाज येतो. “रंगावर धूळ बसती.”

सिनेमाच्या पडद्याच्या जागी मांजरपाट ताणलेलं आहे आणि त्याला लावलेल्या शिडीवर पाठमोरे आप्पा. तीच रंगानं कडक झालेली पैरण, कानामागे विडी.

“आप्पा?”

“आलीस व्हय? बस की.”

शालनताई पुढच्या रांगेत बसतात. त्यांना नवल वाटत नाही. शाळा सुटल्यावर त्या अशाच टॉकीजमागच्या शेडमध्ये येऊन बसायच्या. जमिनीवर अंथरलेल्या एका डाकूच्या मिशीवर अनवाणी उभं राहून त्यांनी तिच्यात काळा रंग भरला होता. नायकाच्या जबड्याला निळी सावली, खलनायकाच्या डोळ्यांखाली हिरवा रंग, नायिकेचे गाल मात्र गुलाबी पेढ्यासारखे. एका पौराणिक सिनेमाला आप्पांनी देवी काढली, तर बायका भर रस्त्यात चपला काढून हात जोडायला लागल्या. कुणीतरी शिडी लावून हारही घातला. शालनताईंना ते सगळं आठवून हसू येतं.

मग लक्षात येतं, इतक्या उकाड्यात आप्पांच्या मानेवर घामाचा थेंब नाही.

“कुठलं पिक्चर, आप्पा?”

“नाव अजून आलं न्हाई. तोंड आधी आलंय.”

ते शिडीवरून थोडे बाजूला सरकतात. मांजरपाटावर एका पुरुषाचा चेहरा आहे, भिंतीएवढा. रुंद कपाळ, जरा बसकं नाक. डाव्या भुवईत एक फट, लहानपणी उंबऱ्यावर पडल्यावर टाके घातले होते तिथली. सगळं झालं आहे. डोळ्यांच्या जागी मात्र दोन पांढऱ्या खाचा.

शालनताई खुर्चीतून उठतात. “हा कोण, आप्पा?”

“तूच सांग. मी कुटं बघितलाय त्येला?” आप्पा ब्रश झटकतात. “नाक तुझ्या आईचं घेतलं. कपाळ माझं. डोळं तेवढं कळंनात. म्हणून बोलावून घेतलाय. वर आला की बघतो आणि करतो पुरं.”

“नको,” शालनताई म्हणतात, पण आवाज बाहेर पडत नाही. एकदम शालनताई टॉकीजसमोरच्या रस्त्यावर उभ्या आहेत. लख्ख पांढरं ऊन. गर्दी माना वर करून बघते आहे आणि एकही माणूस पापणी हलवत नाही. भोंगा लावलेला टांगा गोल गोल फिरतो आहे. “शुक्रवारपासून! शुक्रवारपासून!” भोंगा ओरडतो. काय, ते सांगतच नाही. आणि भिंतीवरच्या परांचीवरून, बांबूला पाय देत, उन्मेष वर चढतो आहे.

त्या हाक मारतात. भोंग्यापुढे ती कुणाला ऐकू जाणार?

मग त्याच परांचीच्या फळीवर आप्पांशेजारी त्या बसलेल्या आहेत. खाली बघवत नाही. रंगाचा डबा दोघांच्या मध्ये.

“त्याला खाली पाठवा, आप्पा.”

“बघू तर दे. नातू हाय माझा. एवढी वर्सं वाट बघितली.”

“तुम्हीच म्हणायचात, घरच्या माणसाचं तोंड बॅनरवर काढू नये. मी किती मागं लागले होते! रडले होते. तुम्ही नाही म्हणजे नाही काढलंत.”

“का न्हाई काढलं, ठावं हाय न्हवं?”

“शुक्रवारी पिक्चर बदलतं म्हणून.”

“व्हय. कापड धुण्याच्या सोड्यात उकळायचं. तोंड जातं, कापड ऱ्हातं.” आप्पा हळूहळू ब्रश डब्याच्या काठाला निपटतात. “हितं मला कुणी न्हाई गं, शालू. हजार तोंडं हायती, समदी माझ्याच हातची. एक बी बोलत न्हाई.”

किती वर्षांनी त्यांना कुणी शालू म्हटलं आहे. त्या रंगाच्या वासात, त्या फळीवर, असंच बसून राहावं असं क्षणभर त्यांना खरंच वाटतं. पण फळी हलते. फळीच्या कडेला खालून चार बोटं येऊन टेकतात. उन्मेषची बोटं. त्याच्या मनगटावरचा लाल धागासुद्धा दिसतो.

“माझं काढा,” त्या म्हणतात.

आप्पांचा ब्रश थांबतो.

“लहानपणापासून मागत होते. आता काढा माझं. त्याचं पुसा.”

आप्पा पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे तोंड करतात. त्यांच्या डोळ्यांच्या जागी कोरं मांजरपाट आहे. त्यातला धागान् धागा दिसतो. तरी ते आपल्याला नीट निरखताहेत हे शालनताईंना कळतं. त्या मान खाली घालत नाहीत.

“तुझं तोंड कायम बेस हुतं,” आप्पा म्हणतात. “लई मन करायचं. हात बांधून ठेवला मी.”

ते टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवतात आणि भिंतीवरचा चेहरा पुसायला लागतात. भुवई जाते. नाक जातं. फळीच्या कडेची बोटं सुटतात आणि खाली, एकेका बांबूवर, उतरणारी पावलं वाजत जातात.

“हां. आता नीट बस. मान हलवू नगंस,” आप्पा खिशातून दोरा काढतात. “आधी चौकटी पाडायला पायजेत, मगच तोंड कापडावर उतरतं.”

दोऱ्याला नीळ फासलेली आहे. एक टोक ते शालनताईंच्या भांगावर दाबून धरतात, दुसरं हनुवटीखाली. दोरा ताठ होतो. नाकाच्या शेंड्याला त्याचा गारवा लागतो. आप्पा मधोमध चिमटीत धरून तो ओढतात आणि सोडतात.

टण्ण!

शालनताई चटईवर उठून बसतात. वीज गेली आहे, कूलर बंद आहे. दारात उन्मेष उभा आहे, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला, हात रिकामे.

“आई, वाचलो गं.” त्याला धाप लागली आहे. “माळ्याच्या शिडीवर पार वरपर्यंत गेलो होतो. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, बाईमाणसाची, अगदी तुझ्यासारखी. कोण म्हणून बघायला उतरून बाहेर आलो, आणि मागं माळा सगळाच्या सगळा खाली आला. बॅनर, तुळया, सगळं.”

शालनताई त्याचा हात ओढून जवळ घेतात. मनगट, दंड, कपाळ चाचपतात. खरचटलेलंसुद्धा नाही.

उन्मेष त्यांच्याकडे बघत राहतो. “तुझ्या तोंडाला काय लागलंय?”

“काय?”

“निळी रेघ आहे. भांगातून निघून नाकावरून हनुवटीपर्यंत. फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ.”

त्या कपाळावरून बोट फिरवतात. बोटाला नीळ येते, कोरडी, बारीक. या घरात नीळ शेवटची कधी आणली, त्यांना आठवतही नाही.

“कपड्यांची लागली असेल,” त्या म्हणतात. “जा, अंगावर पाणी घे. मी चहा टाकते.”

तो मोरीत जातो. पाण्याचा आवाज सुरू होतो. शालनताई तोंड पुसायला पदर उचलतात आणि तसाच खाली सोडतात. एकच रेघ आहे. आडव्या अजून मारायच्या आहेत, आणि आप्पांनी कधी घाईनं काम केलेलं नाही.

त्या उठतात, चहाचं आधण ठेवतात आणि त्यात उन्मेषला आवडतं तसं बक्कळ आलं किसून घालतात.