अर्धं माणूस

हिमायतनगरच्या त्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर दोन पानं लटकत असायची. लॅमिनेट केलेली, वर ठळक अक्षरांत 'सहनिवासाची आचारसंहिता'. आम्ही तिघी तिथे भाड्याने राहायचो. मी कॉलेजात शिकवायचे, दुसरी नर्स होती आणि तिसरी विमा कंपनीतली अधिकारी, मुंबईहून बदलून आलेली. आचारसंहिता तिची. तीन बायकांनी वीज, गॅस आणि पाण्याचे पैसे वाटून घ्यायचे, एवढ्यासाठी तिने प्रास्ताविकसुद्धा लिहिलं होतं.

खर्च डोक्यांवर आणि दिवसांवर वाटायचा. कुणी गावाला गेलं की तेवढे दिवस वजा, पाहुणा आला की जमा. ऐकायला हे ठीक होतं. एसी मात्र एकट्या तिच्या खोलीत होता, आणि एसीला डोकं नसतं, त्यामुळे सगळा उन्हाळा तो आम्हा तिघींत सारखा वाटला गेला. मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "तुम्ही भाषा शिकवता ना? मग हिशेब माझ्यावर सोडा." माझ्या भाषेवरही तिचा विश्वास नव्हताच. मी 'परेशान' म्हटलं की ती हळूच 'त्रस्त' म्हणायची.

डिसेंबर संपता संपता आई आली. ती लातूरला भावाकडे असते. पण वडिलांची सगळी नोकरी इथेच, आबिड्सच्या सरकारी कचेरीत गेली, आणि डोळ्यांच्या बाबतीत तिचा भरवसा अजून इथल्या मलकपेठच्या एकाच डॉक्टरांवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजवा, तीन आठवड्यांनी डावा. म्हणजे महिनाभर तरी मुक्काम, माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर.

उजवा डोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई वही घेऊन आमच्या दारात उभ्या.

"काकूंना मी अर्धं धरलंय," ती म्हणाली. "खाणं कमी, मोबाइल नाही, टीव्ही नाही. पूर्ण धरणं न्याय्य होणार नाही."

आईने हिरव्या चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "हौ का? अर्धं कोणतं धरलंस, वरचं की खालचं?"

बाईंनी वहीत पाहिलं. ते तिथे लिहिलेलं नव्हतं.

"आईला पूर्ण धरा," मी म्हणाले.

"तुमचाच खर्च वाढेल."

"वाढू दे."

जास्त पैसे द्यायला मिळावेत म्हणून मी आयुष्यात तेव्हा एकदाच भांडले.

दोन दिवसांनी आई न्हाणीतून कुडकुडत बाहेर आली. गीझर बंद होता. विचारलं तर म्हणाली, "मी बाहेर आले की ती बाई जाऊन मीटर बघते. नक्को ती कटकट. मी उन्हात बसते."

मग बैठकीची सूचना लागली. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा. विषय एकच: पाहुण्यांच्या मुक्कामाला पंधरा दिवसांची मर्यादा. आईचा डावा डोळा त्या मर्यादेच्या पलीकडे होता. ठराव मंजूर झाला तर शस्त्रक्रियेच्या आधीच तिला घराबाहेर काढावं लागणार होतं.

मी मतं मोजली. नर्सला रात्रपाळी, ती एकाही बैठकीला आली नव्हती. म्हणजे एकास एक. आणि मतं समान पडली तर अध्यक्षांचं मत निर्णायक, हा नियम नऊ. अध्यक्ष कोण ते सांगायला नको. तेव्हा मी ती दोन पानं पहिल्यांदा नीट वाचली आणि मला नियम चार सापडला: 'खर्चात ज्याचा वाटा, त्याला मत.'

रविवारी मी तो मोठ्याने वाचून दाखवला. "आईचा वाटा पूर्ण आहे. मतही पूर्ण."

"पाहुण्याला मत कसं असेल?"

"तुम्हीच लिहिलंय."

ती ओठ आवळून पानं चाळत राहिली. दोन पानं चाळायला जितका वेळ लावता येतो, तितका तिने लावला. "ठीक आहे. नियम म्हणजे नियम."

एवढ्यात नर्स बाहेर आली. डोळे सुजलेले, हातात पाण्याची बाटली. "क्या चल रा अक्का?"

मी सांगितलं.

"अम्माकू भेज देते? दूसरी आंख बाकी है ना? नक्को. मेरा नक्को लिखो." आणि भिंतीला टेकून ती पाणी पीत राहिली.

ठरावाच्या बाजूने एक, विरोधात दोन. मी जिंकले होते. आईच्या मताची गरजच उरली नव्हती, पण ते मी मिळवून बसले होते.

"काकू?" अध्यक्षांनी विचारलं.

आईने हात वर केला. "मी ह्या बाईच्या बाजूने."

"आई, तुला कळतंय का?"

"एक डोळा आहे की कळायला. दुसऱ्याचं बघू लातूरला. न्हाणीतून निघालं की कुणी मीटर बघतंय का ते बघायचं, ह्याने मी परेशान झाले. आणि तू रोज जेवताना हिच्याशी भांडतेस. कान माझे दोन्ही चांगले आहेत."

दोन-दोन. अध्यक्षांनी निर्णायक मत दिलं आणि ते वहीत लिहून घेतलं. मग आईला म्हणाल्या, "गैरसमज नसावा, काकू."

"छे. तू तर मला पूर्ण धरलंस."

या वेळी 'परेशान'ला कुणी 'त्रस्त' म्हटलं नाही.

आई बुधवारच्या बसने गेली. डावा डोळा अजून तसाच आहे. लातूरचे डॉक्टर तिला पसंत नाहीत आणि इथे येणार का म्हटलं की ती फोन भावाच्या हातात देते. महिनाअखेर फ्रिजवर हिशेब लागला. आईचे सगळे दिवस पूर्ण धरलेले होते, मी मागितले होते तसे. शेवटचा तेवढा अर्धा. बस सकाळची होती, म्हणून.