बुडालेल्या कंपनीची मोटार

माझं माहेर राजुरी आणि सासर मंचरच्या पलीकडे. नवरी दिवेलागणीच्या आत घरात आली पाहिजे, असं सासूबाईंनी बजावलं होतं, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या मर्जीतून उतरायची माझी तयारी नव्हती. पण दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवणीसाठी आपली जुनी फ्रेंच मोटार काढली. पुण्याच्या भंगारातून आणलेलं ते धूड त्यांच्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हतं. बापानं लेकीला सासरी पोचवायची आमच्यात रीत नाही. पण ड्रायव्हरला कोण अडवणार? बॉनेटवर त्यांनी शर्यतीच्या बैलांची झूल घातली होती आणि हेडलाइटच्या कडांना बैलांच्या शिंगांना लावायचा लाल हिंगूळ फासला होता. मी पुढे बसले, नवरदेव मागे.

आळेफाट्यावर मोटार फुरफुरली आणि बंद पडली. मागे टोमॅटोचे पिकअप बोंबलत होते. दादा निवांत उतरले आणि जमलेल्या लोकांना कंपनीचा इतिहास सांगू लागले.

"मोटार म्हंजी काय, हे जगाला ठावं नव्हतं, तवाची ही कंपनी. फ्रान्सात लई दबदबा! शर्यतीला उतरली की बाकीच्यांनी धूळ खायची."

"म्हंजी शर्यतीच्या घाटाचा राजाच की राव!" बैलगाडा शर्यतींचा एक शौकीन म्हणाला.

वारूळवाडीपाशी पुन्हा तेच. तिथे दादांच्या गोष्टीत राजेमहाराजे मोटारीसाठी नंबर लावून उभे राहिले आणि माझ्या नवऱ्यानं फेटा सांभाळत ढकलायला सुरुवात केली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कळंबला कंपनी बुडाली.

"दुसऱ्यांनी स्वस्तातल्या गाड्या काढल्या, हे बसले आपल्या तोऱ्यात. गिऱ्हाईक गेलं. मग एका मोठ्या कंपनीनं गिळली. नावबी न्हाई ऱ्हायलं."

"मग पार्ट कुठनं आणता?" नवऱ्यानं धापा टाकत विचारलं.

"पार्ट लागतंयच कुठं, पावणं? मोटार एक नंबर हाय!"

हे मात्र खरं होतं. मोटार बंद पडायच्या जरा आधी दादांचा हात डॅशबोर्डखाली गेलेला मी पाहिला होता. तिथे पेट्रोल बंद करायचा कॉक होता. अस्सा संताप आला! ऊन कललं होतं, सासूबाई दारात उभ्या असणार, आणि हा माणूस मुद्दाम मोटार बंद पाडत होता. भांडायला म्हणून वळले, तर त्यांचे डोळे भरलेले. मी तशीच पुन्हा समोर वळले.

मंचर मागे पडलं. मोटार सुसाट निघाली होती. कंपनी बुडून गेलेली, त्यामुळे दादांकडे सांगायला काही उरलं नव्हतं. समोर सासरच्या गावचे दिवे दिसू लागले.

मी शालूच्या पदराआडून हात घातला आणि कॉक बंद केला. मोटार फुरफुरत थांबली. दादांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"दादा," मी म्हणाले, "यांना सुरुवात नीट कळली न्हाई. पहिल्यापास्नं सांगा."