नाक्यावर उतरणाऱ्यांचे निकम सर

सोमवार, ६ जून २०२२. सकाळचे आठ वाजून बावीस मिनिटे झाली होती आणि मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीच्या जिन्याखाली उभा राहून चपलांवरची धूळ रुमालाने पुसत होतो. दुसऱ्या मजल्यावर टंकलेखनाचा वर्ग होता. वर्ग आठला सुरू होत असे आणि माझा तो पहिला दिवस होता. धुळीच्या पायांनी आत जावे की पाय पुसून आणखी उशीर करावा, हे मला ठरवता येत नव्हते. मागून आवाज आला, "पुसून झालं की वर ये. मलाही उशीर झालाय, फक्त मला कोणी बोलत नाही."

ते श्री. जगन्नाथ काशिनाथ निकम होते. ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे, ते आमचे सर. त्या दिवशी ते मला प्रथम भेटले.

वर गेल्यावर त्यांनी विचारले, "बस लेट होती का?"

"नाही सर. बस वेळेवर होती. मी नाक्यावर उतरलो."

"नाक्यावर का? बस तर इथं खाली थांबते."

मला हा प्रश्न त्याआधी कोणी विचारला नव्हता, म्हणून उत्तर देताना मी अडखळलो. आमची वस्ती विंचूरकडून नाशिकला येणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून चार टप्प्यांवर आहे. बसचे भाडे टप्प्यांवर ठरते. तिसरा टप्पा द्वारकेच्या अलीकडच्या नाक्यावर संपतो. तेथे उतरले तर तीस रुपये आणि द्वारकेपर्यंत बसून राहिले तर चाळीस. म्हणून नाक्यावर जवळजवळ सगळी बस रिकामी होते. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, गवंडी, दुकानांत कामाला असलेली पोरे, सगळे उतरतात. वाहकही ओरडतात, "चला, चालणारे उतरा." मग बस चार-पाच जणांना घेऊन पुढे निघून जाते आणि आम्ही त्याच रस्त्याने पंचवीस मिनिटे तिच्यामागे चालत येतो. यात काही विचित्र आहे असे आम्हा कोणालाच वाटत नसे. मला तर आपण दहा रुपये वाचवले याचे समाधान वाटे.

सरांनी सगळे ऐकून घेतले आणि मला कळफलकासमोर बसवले. दुसऱ्या दिवशी बस नाक्यावर थांबली, तेव्हा ते तेथे उभे होते. त्या वेळी त्यांचे वय बहात्तर वर्षांचे होते. "चल, दाखव तुझा रस्ता," एवढेच म्हणाले. कांद्याच्या गाड्या अंगाजवळून जात होत्या, पदपथ नव्हताच. वाटेत दोनदा ते खांबाला धरून थांबले. सर मूळचे सटाण्याकडचे आहेत. एरवी ते शुद्ध, संथ बोलतात. राग आला की त्यांची भाषा घरची, अहिराणी होते. द्वारकेला पोचल्यावर ते थांब्यावरच्या एका रिकाम्या बसकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "हाई काय शे?" त्यांचा तो राग मी आजपर्यंत उतरलेला पाहिलेला नाही. तो उतरू नये असे मला वाटते.

गौरव समितीने लेख मागवताना "प्रसंग आनंदाचा आहे, याचे भान ठेवावे" असे मला कळवले आहे. मी शिक्षणाने फार मोठा नाही. बारावीला बसलोच नाही. आज सरांच्या वर्गात मराठीची तुकडी शिकवतो, एवढीच माझी ओळख. मोठ्या माणसांच्या ग्रंथात काय शोभते हे मला नीट कळत नाही. पण सरांविषयी लिहायचे आणि रागाविषयी लिहायचे नाही, हे मला जमणार नाही.

सरांच्या कामाविषयी प्रथम सांगतो. मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांच्या परीक्षा देऊन त्यांच्याकडची शेकडो मुले कचेऱ्यांत लागली. या ग्रंथाचे बहुतेक वाचक त्यांतलेच असतील. सर शिकवताना बोटांकडे पाहत नाहीत, आवाज ऐकतात. माझ्या मागून जाताना ते नुसते म्हणत, "उजवी करंगळी झोपली आहे," आणि ती खरोखरच झोपलेली असे. फी कोणाची थकली तर ते विसरून जातात. पण बसभाड्यासाठी त्यांनी कधीही कोणाला एक रुपया दिला नाही. याचा मला सुरुवातीला विषाद वाटला होता. एकदा मी धीर करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, मी तुझं भाडं भरलं तर ते भाडं बरोबर आहे असं होईल. मला ते मान्य नाही. तू चालत ये, मी वर्ग उशिरा लावतो." त्यांनी आमच्यासाठी साडेआठची नवी तुकडी काढली. फळ्यावर तिचे नाव लिहिले होते, "चालणाऱ्यांची तुकडी". तुकडीतल्या प्रत्येकाला आल्यावर आधी पाणी, मग चहा, आणि दहा मिनिटे कळफलकाला हात लावायचा नाही, असा नियम होता. चालून आलेल्या माणसाची बोटे सुजलेली असतात, हे त्यांनी पाहून ठेवले होते.

दुसरीकडे त्यांचे अर्ज सुरू होते. मागणी साधी होती. नाका आणि द्वारका यांत जेमतेम दोन थांबे आहेत. तिसरा टप्पा द्वारकेपर्यंत वाढवावा. आठ महिन्यांनी वाहतूक कार्यालयातून भेटीला बोलावणे आले. अर्जांची चळत धरायला मी बरोबर गेलो होतो. तेथले साहेब सज्जन वाटले. त्यांनी खुर्ची दिली आणि नकाशा पाहून म्हणाले, "काका, टप्पा कुठंतरी संपणारच ना?"

"संपू द्या. माणसं जिथं जातात तिथं संपवा."

"पण हे अंतर तर चालण्यासारखं आहे. तब्येतीला चांगलं असतं."

"साहेब, खाली तुमची गाडी उभी आहे," सर म्हणाले. "ती उद्यापासून नाक्यावर सोडा. मी रोज सोबतीला येतो. गप्पा मारत कार्यालयात येऊ. तब्येत तुमचीही सुधारेल."

कोपऱ्यातले कारकून हसले आणि साहेबांनी मान वर करताच पुन्हा कामाला लागले. निघताना मी दोन वेळा नमस्कार केला, सरांनी एकदाही केला नाही. जिन्यात मी म्हणालो, "सर, ते रागावले असतील." सर म्हणाले, "रागावले असतील तर काहीतरी करतील."

त्यांनी केले. चार महिन्यांनी आदेश आला. सदर थांब्याच्या भाड्यातील विसंगती प्रवाशांच्या मागणीनुसार दूर करण्यात आली आहे, असे त्यात होते. दूर कशी केली? नाक्याचे भाडेही चाळीस केले. आता कोठेही उतरा, पैसे तेवढेच. सरांनी आदेश दोनदा वाचला. तो ज्यांनी टंकलिखित केला होता, ते सरांचेच एक जुने विद्यार्थी होते. आदेशाची प्रत ते स्वतः अभिमानाने घेऊन आले होते. सर त्यांना म्हणाले, "समास छान सोडला आहेस. एकही चूक नाही." त्या गृहस्थांना ती शाबासकी वाटली. या समितीत ते आहेत. त्यांनी हे वाचले तर वाचू देत.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या वस्तीच्या फाट्यावर आले. आपल्या अर्जाने काय झाले ते आपणच सांगायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. तोपर्यंत बायकांना अर्धे तिकीट लागू झाले होते, पण अर्धे झाले तरी पाच रुपये वाढले होतेच. मेथी घेऊन बसची वाट पाहणाऱ्या ताराबाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, "सर, तुमच्या पाया पडते. आता आमचं आणखी काय भलं करू नका."

लोक हसले. शेजारचे एक गवंडी म्हणाले, "नाय मावशे, सरांनी लय काम केलं. आपलं चालायचं कष्ट वाचवलं."

सर म्हणाले, "बाई, अर्ज माझा होता. शिव्याही मलाच द्या. पण मी दुसरा अर्ज करणार आहे."

"करा," ताराबाई म्हणाल्या. "पर बसचं नाव काढू नका त्यात."

माझ्या मते सरांचा मोठेपणा त्या क्षणी होता. चूक आपली नव्हती, आपल्या अर्जाचा उलटा अर्थ लावला गेला होता, हे त्यांनी तेथे सांगितले नाही. दुसरा अर्ज त्यांनी केला, तिसराही केला. उत्तर आलेले नाही.

पण त्या आदेशाने आमची तुकडी मोडली. जाऊन-येऊन दिवसाला वीस रुपये वाढले होते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पाचशे वीस. वर्गाची फी पाचशे आहे. म्हणजे फी संपूर्ण माफ केली तरी मुलगा तोट्यातच. आमचा वर्ग शाळा नाही आणि महाविद्यालयही नाही, म्हणून सवलतीचा पास मिळत नाही, असे खिडकीवर सांगितले गेले. अकरा जणांतल्या आठ जणांनी येणे बंद केले. त्यांत किरण होता. माझ्याच वस्तीवरचा, एकोणीस वर्षांचा. आईवडील दोघेही दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला. लिपिकाच्या जागेसाठी त्याला मराठी तीसचे प्रमाणपत्र हवे होते आणि त्याचा वेग अठ्ठावीसपर्यंत आला होता. तो शेवटचा आला तेव्हा म्हणाला, "सर, परीक्षेचा फॉर्म रद्द करा. फी परत मिळंल का?"

"मिळत नाही," सर म्हणाले. "आणि फॉर्मही रद्द होत नाही. घरी जा. मी बघतो."

काय बघणार, हे आम्हाला कळले नाही. मग सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या वयापासून बसचा प्रवास मोफत असतो. कार्ड हातात आल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवले.

"माझं तिकीट आता किती?"

"काही नाही सर."

"किरणचं?"

"चाळीस."

"मग प्रवास कोणी करायचा?"

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस सर दुपारच्या बसने आमच्या वस्तीवर येतात. पिशवीत दोन कळफलक असतात, संगणक मी आदल्या संध्याकाळीच वस्तीवर नेऊन ठेवतो. दूध संकलन केंद्र दुपारी रिकामे असते. तेथील भाऊसाहेबांनी किल्ली दिली. बसची पायरी उंच असते आणि सरांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. एकदा बसमध्ये एक तरुण त्यांना म्हणाला, "बाबा, फुकट हाय म्हणून रोज फिरता व्हय?" सर म्हणाले, "हो. घरी बायको ओरडते." सगळी बस हसली. मला हसू आले नाही. फेब्रुवारीत पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि ते रस्त्यावर पडले. वाहकांनी उचलून बसवले. त्या दिवशीही त्यांनी वर्ग घेतला, पाय खुर्चीवर ठेवून.

समितीच्या पत्रात याला "सेवाव्रत" म्हटले आहे. मला हा शब्द मान्य नाही. वीस वर्षांच्या मुलाला चोवीस किलोमीटर शिकायला जाता येत नाही, म्हणून पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ मोडक्या गुडघ्यांनी त्याच्याकडे जातात, ही शरमेची गोष्ट आहे. तिला हार घालून ती शोभेची होत नाही. या ग्रंथात सरांच्या त्यागावर अनेकांनी लिहिले असेल. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी भाड्याच्या अर्जावर सही केली, हे मला माहीत आहे, कारण सह्या गोळा करायला मीच फिरलो होतो. "सरकारी नोकरीत आहे रे, मला कसं जमेल," असे मला निरनिराळ्या घरांत एकाच आवाजात सांगण्यात आले. चहा मात्र सगळ्यांनी दिला.

हा राग मी सरांवरही काढला. ते पडले त्या संध्याकाळी मी म्हणालो, "सर, तुम्ही येता म्हणून कोणी काही बोलत नाही. ज्यांनी भाडं कमी करायचं त्यांची सोय झाली." सर गुडघ्याला तेल चोळत होते, त्यांनी बाटलीचे झाकण लावले. मग म्हणाले, "खरं आहे. मग तू बोल. मला उद्या वर्ग आहे."

म्हणून मी बोलतो आहे. सरांचा सत्कार करायचा असेल तर तिसऱ्या अर्जाचे उत्तर मिळवा. आपल्यापैकी कितीतरी जण त्या कचेऱ्यांतच बसतात.

गेल्या रविवारी परीक्षा झाली. वस्तीवरून पाच जण बसले, किरण त्यांत होता. बाहेर येऊन तो म्हणाला, "सर, एकदाच अडकलो." निकाल यायचा आहे.

आदरणीय निकम सरांना भरपूर आयुष्य मिळो. त्यांचे गुडघे बरे राहोत, दृष्टी आणि कान आजच्यासारखेच तल्लख राहोत, आणि पुढची सगळी वर्षे त्यांना आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत बसून शिकवता येवो, मुले त्यांच्याकडे यावीत. त्यांचा रागही असाच ठणठणीत राहो.

परीक्षेच्या दिवशीचा खर्च देऊन लेख संपवतो. तीन मुलगे, जाऊन-येऊन पूर्ण तिकीट: २४० रुपये. दोन मुली, अर्धे तिकीट: ८० रुपये. द्वारकेपासून केंद्रापर्यंत रिक्षा, उशीर होऊ नये म्हणून, फक्त जाताना: १०० रुपये. एकूण ४२० रुपये. मुलांच्या घरून जमा: २५० रुपये. सरांकडून घेतले नाहीत. देणे: दूध केंद्राच्या भाऊसाहेबांचे उसने १७० रुपये आणि गौरव समितीची वर्गणी ५०० रुपये. याच क्रमाने फेडीन.