व्हॅनमधले पाढे

आमच्या शाळा-व्हॅन चालकांच्या संघटनेत तेवीस गाड्या आहेत आणि चालवणारी बाई एकच होती. 'होती' असं लिहितोय, कारण आता ती चालवत नाही. का चालवत नाही, यावर शाळेच्या गेटवर कितीतरी दिवस ज्याच्या तोंडाला येईल ते बोललं गेलं. ज्यांनी ती बडबड केली त्यांनी हे जरूर वाचावं. मीही या प्रकरणात धुतल्या तांदळासारखा नाही, तेही पुढे येईलच.

पोरं तिला व्हॅनमावशी म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. वय छत्तीस. नवरा तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसला. जाताना घरातलं नेण्यासारखं सगळं घेऊन गेला. ही जुनी व्हॅन तेवढी मागे राहिली, कारण ती त्या दिवशी गॅरेजमध्ये होती. बाईने डोळे पुसले की नाही मला माहीत नाही, पण महिन्याभरात लायसन काढलं आणि शाळेचा रूट मिळवला.

मुलगी आठ वर्षांची. गोल चेहरा, बारीक डोळे. तिला सगळे गुंडी म्हणतात. सकाळी तिला घरात ठेवायला कोणी नाही, म्हणून गुंडी आईच्या शेजारी, पुढच्या सीटवर. साडेसहाला निघायचं, अकरा पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची. गुंडीही त्याच शाळेत. दुपारी तेच उलट. मधल्या वेळात स्वयंपाक, धुणं, टायरची हवा. पोर नजरेसमोर ठेवून करता येईल असं दुसरं काम कोणी मला दाखवावं, मी त्याला शाल घालीन.

गाडी सुरू झाली की गुंडी पाढे विचारायला लागायची.

"तेरा सक?"

"अठ्ठ्याहत्तर."

"चौदा साते?"

"अठ्ठ्याण्णव."

हे शाळेच्या गेटपर्यंत. हळूहळू मागची पोरंही त्यात ओरडायला लागली. पालक खूश. एका आईने त्याचा व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'काम आणि मूल दोन्ही कसं सांभाळावं ते हिच्याकडून शिका.' मुख्याध्यापिकेने सभेत दाखला दिला. मीसुद्धा संघटनेच्या बैठकीत उभा राहून भाषण ठोकलं, की बघा रे, तुम्ही गाडीत गाणी लावता आणि ही बाई पोरीचा अभ्यास घेते. टाळ्या पडल्या. कौतुक करायला काय जातं? खिशातून छदाम जात नाही.

पण प्रश्न मुलगी का विचारते आणि उत्तर आई का देते, हे आमच्यापैकी एकालाही खटकलं नाही. अभ्यास मुलीचा ना? मग उलटं नको का? स्वतःला मी मोठा चाणाक्ष समजतो. मलाही नाही खटकलं.

खरी गोष्ट अशी होती. थंडीच्या दिवसांत एकदा दूध उतू गेलं. व्हॅनमावशी गॅससमोरच उभी होती. गुंडीने येऊन गॅस बंद केला आणि विचारलं, "आई, तू कुठे गेली होतीस?"

"कुठे जाणार? इथेच तर आहे."

आठवड्याने पुन्हा तेच, केस विंचरताना. तिसऱ्या वेळी गुंडी म्हणाली, "तू ओठ चाटत होतीस. माझ्याकडे बघत होतीस, पण मी तुला दिसत नव्हते."

बाई घाबरली का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "घाबरायला आठवायला तर पाहिजे, दादा. मला काही आठवतच नव्हतं. कोणीतरी दुसऱ्याचं सांगतंय असं वाटायचं."

तिने विचारायचं तिथे विचारलं. औषधाच्या दुकानदाराने 'अशक्तपणा' म्हणून ताकदीची बाटली दिली. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "विचार कमी कर गं." चष्म्याच्या दुकानात चष्मा मिळाला, तिथे दुसरं काय मिळणार? सरकारी दवाखान्यात नंबराची खिडकी सात ते आठ. शाळेत पोरं सोडून ती सव्वाआठला पोचायची. खिडकीतला माणूस काचेआडून हाताने 'उद्या' करायचा. ही दोनदा जाऊन आली. उद्याही सात ते आठ ती कुठे असणार होती, हे त्याला कुठे माहीत?

मग एका सकाळी सिग्नल हिरवा झाला आणि व्हॅन हलली नाही. मागचे हॉर्न वाजवून थकले. गुंडीने आईला चिमटा काढला, तेव्हा गाडी पुढे गेली. त्या रविवारी मायलेकी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गेल्या. तिथे आईने मुलीला हँडब्रेक ओढायला शिकवलं. दोन्ही हातांनी, पाय समोर टेकवून. ठरलं ते असं : गुंडीने सतत विचारत राहायचं. उत्तर आलं नाही तर एकदा पुन्हा विचारायचं. तरी आलं नाही तर दांडा ओढायचा. गाडी ताशी वीसच्या वर न्यायची नाही, रस्त्याची कड सोडायची नाही, आणि त्यासाठी पंधरा मिनिटं लवकर निघायचं.

हे होते ते पाढे.

तिसऱ्या थांब्यावर एक डॉक्टरीणबाई राहतात. डोळ्यांच्या. त्यांच्या मुलाच्या बुटाची लेस रोज सुटलेली, म्हणून गाडीत त्याचं नाव लेसवाला. आई ती बांधून देईपर्यंत अर्धं मिनिट जायचं. व्हॅनमावशीने ते अर्धं मिनिट पकडलं.

"डॉक्टर, एक विचारू? माझ्या नणंदेला मधूनच सगळं कोरं होतं."

"कोरं म्हणजे? काळं दिसतं की धूसर?"

"विचारून सांगते हं."

दुसऱ्या दिवशी : "काळं नाही. धूसर पण नाही. काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे काय, बाई?"

लेस बांधून झाली. लेसवाला आत चढला. उरलेलं उद्यावर.

"किती वेळ होतं असं?"

"तिची मुलगी म्हणते, दहा मोजेपर्यंत."

"मुलगी म्हणते? आणि नणंद काय म्हणते?"

"तिला कळत नाही ना."

"तिलाच घेऊन या की. फी नाही घेणार."

"तिला वेळ नसतो हो."

"वेळ कोणाला आहे? मला आहे का? बघा माझ्याकडे, दात घासता घासता खाली आलेय."

दोघी हसल्या. अशी ही तपासणी तीन आठवडे चालली, अर्ध्या अर्ध्या मिनिटाची. शेवटी एका सोमवारी डॉक्टरीणबाई लेस बांधायची सोडून उभ्याच राहिल्या.

"हे डोळ्यांचं नाही. मेंदूचं वाटतंय. फिटचा एक प्रकार असतो, त्यात अंग झटके देत नाही, माणूस नुसता हरवतो. औषधं आहेत त्यावर, पुष्कळांना गुण येतो. लवकर दाखवा. आणि ती काही चालवते का? स्कूटर वगैरे?"

"नाही हो. घरीच असते ती."

"मग ठीक. चालवू मात्र देऊ नका. एक दिवससुद्धा नाही."

व्हॅनमावशीने मान हलवली, पहिला गिअर टाकला आणि निघाली.

संघटनेचा कारभार मी बघतो, म्हणून त्या दुपारी ती माझ्याकडे आली. पंक्चरच्या दुकानामागची खोली, तेच आमचं कार्यालय. खुर्चीवर बसली आणि नणंदेपासून हँडब्रेकपर्यंत सगळं सांगून टाकलं. आवाज वर नाही, खाली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान मी पाणी द्यायला उठलो असतो.

"आता सांगा दादा, काय करू?"

मी सल्ला दिला. माझ्याकडे सल्ल्यांची कधी कमतरता नसते.

"तोंड बंद ठेव. परीक्षा संपायला पाच आठवडे आहेत. आत्ता बोललीस तर रूट गेला, लायसन गेलं. वर शाळा म्हणेल, बाईला गाडी दिली म्हणून असं झालं. ते मी म्हणू देणार नाही."

"मागे पोरं असतात, दादा."

"मला कळत नाही का? बदली चालक बघतो मी."

मी दोन फोन केले. दोघांनाही सवड नव्हती. तिसरा केला नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर ती पोरं नव्हतीच. बाईला रूट द्यायला विरोध करणारा शाळेचा ट्रस्टी होता. त्याच्याशी माझं जुनं वाकडं, आणि त्याच्यापुढे मला हार जायचं नव्हतं.

तिने माझं ऐकलं आणि आणखी चार दिवस गाडी चालवली.

चौथ्या दिवशी दोन थांबे झाले होते, गाडीत पाच पोरं होती. गुंडीने विचारलं, "सोळा साते?"

उत्तर नाही.

"आई, सोळा साते?"

गुंडीचे दोन्ही हात दांड्यावर गेले. आणि मागून पाचही पोरं एका सुरात ओरडली, "एकशे बारा!"

आठ वर्षांची पोर ती. उत्तर आलं म्हटल्यावर तिचे हात सैल पडले. गाडी तशीच तिरकी होत गेली, फुटपाथवर एक चाक चढलं आणि कचऱ्याच्या डब्याला टेकून बंद पडली. कोणाला खरचटलंही नाही. पोरं खिदळली, त्यांना वाटलं गंमत. आई परत आली तेव्हा समोर डबा होता. तो तिथे कसा आला ते तिला कळेना.

तिने गाडी मागे घेतली आणि तिसऱ्या थांब्यापर्यंत, दोनशे पावलं असतील, चालण्याच्या वेगाने नेली. डॉक्टरीणबाई दारात लेस बांधत होत्या. व्हॅनमावशीने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि खिडकीतून त्यांच्यापुढे धरली.

"नणंद नाहीये डॉक्टर. मीच आहे."

डॉक्टरीणबाईंनी चावी घेतली. मुलाला मागे ओढलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला. चालवते का म्हणून."

"हो."

"किती दिवस झाले हे?"

"चार महिने."

तेवढ्यात गुंडी पुढच्या सीटवरून म्हणाली, "आई, मी ओढणार होते. पण उत्तर आलं ना."

डॉक्टरीणबाईंनी त्या पोरीकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं. ग्रुपवरच्या त्या व्हिडिओला त्यांनीही अंगठा दिला होता. त्यांनी फोन काढला.

मग फोन झाले. पोरं फुटपाथवर दप्तरं घेऊन ओळीत उभी. पालक येत गेले. एक आई घरातल्या चपलांवर धावत आली आणि नाही नाही ते बोलली. एका बापाने विचारलं, "तुला स्वतःची पोरगी आहे ना गं? लाज नाही वाटली?" व्हॅनमावशी प्रत्येकाला "हो" म्हणत होती. लाजेच्या प्रश्नालाही "हो". मी पोचलो तेव्हा माझं डोकं फिरलं. बाह्या सरसावून मी त्या बापाच्या अंगावर जाणार, इतक्यात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तुम्ही गप्प बसा."

मी गप्प बसलो. आयुष्यात फार कमी वेळा बसलोय.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी बसणारा मेंदूचा डॉक्टर शोधून दिला, कारण सकाळची खिडकी हिला कधीच गाठता आली नसती. डोक्याला तारा लावून तपासणी झाली. निदान तेच निघालं. सकाळ-संध्याकाळ गोळी. पूर्ण एक वर्ष एकदाही असं झालं नाही, तर गाडीचा विचार. लायसन तिने स्वतः जाऊन जमा केलं. तिथल्या कारकुनाने म्हणे दोनदा विचारलं, "नवीन काढायला आलात की परत द्यायला?"

तिला काम मिळालं ते एका इस्पितळाच्या धुलाईघरात, चादरींच्या घड्या घालायचं, आठ ते चार. गुंडीची शाळा एकला सुटते. एक ते चार ती माझ्या कार्यालयात बसते. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. तिसरा फोन मी केला नव्हता, तो हा आहे असं समजा.

रूट आमच्यातल्या मिशीवाल्याकडे गेला. पहिल्या दिवशी व्हॅनमावशी कोपऱ्यावर उभी राहून त्याला सांगत होती, "दुसऱ्या थांब्यावरच्या मुलीला वळणावर उलटी होते, तिला खिडकी दे. जुळ्यांना शेजारी बसवू नकोस, चावतात. लेसवाल्याला अर्धं मिनिट दे, घाई केलीस की रडतो."

"अगं बाई, पोरं आहेत की काचेची भांडी?" मिशीवाला म्हणाला. मग गुंडीला, "ए, पुढे नाही. मागे बसायचं."

गुंडी चढता चढता थांबली.

"आई, कामावर तुझ्याकडे कोण बघणार?"

"गोळी घेतलीय मी."

"तू गेलीस तर गोळीला कळतं?"

"गोळी जाऊच देत नाही."

"नक्की?"

"डॉक्टर तसं म्हणतात."

गुंडीने थोडा विचार केला आणि मागे जाऊन दोन पोरांच्या मधे बसली. मिशीवाल्याने दार लोटलं. व्हॅनमावशी चालवायची त्यापेक्षा बऱ्याच वेगाने गाडी निघून गेली.

मी विचारलं, "काय वाटतंय?"

"काही नाही, दादा." तिने हातातलं घड्याळ पाहिलं. "काहीतरी वाटायला पाहिजे ना?"

आठला पोचायचं म्हणून ती चालायला लागली.