मांजरीसाठी फणी

हिच्या घोट्यांभोवती लाल पुळ्या उठल्या तेव्हा मला वाटलं, हीसुद्धा केमोचीच करणी. त्या दिवसांत घरात काहीही बिघडलं की मी त्याचं खापर केमोवर फोडायचो. पुळ्या दोन-दोन, तीन-तीनच्या ओळीत होत्या आणि ही त्या झोपेतसुद्धा खाजवत होती. रिक्षा केली आणि हिला घेऊन हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर आता रिपोर्टबद्दल विचारतील म्हणून मी फाईल उघडून बसलो होतो. त्यांनी हिचे पाय बघितले आणि विचारलं, "घरात मांजर आहे का?"

होती. शेजारच्या इमारतीच्या पत्र्यावरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आली, हिनं बशीभर दूध पुढे केलं, आणि तेव्हापासून नारायण पेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर तिचा कायमचा मुक्काम पडला. नाव असं काही ठेवलं नव्हतं. ही तिला "अगं" म्हणायची. मीही हिला "अगं"च म्हणतो, त्यामुळे मी हाक मारली की दोघी वळून बघायच्या आणि दोघीही उठायच्या नाहीत. मला मांजरं आवडत नाहीत. जन्मभर वीज कंपनीच्या तक्रार खिडकीमागे बसलोय. उपकार न मानणाऱ्यांशी माझा पुरेसा संबंध येऊन गेलेला आहे.

"या पिसवा चावल्यात," डॉक्टर म्हणाले. "यांच्या पांढऱ्या पेशी फार खाली आहेत. खाजवून जखम झाली, त्यात जंतू गेले, तर मला पुढचा डोस देता येणार नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा पायावर नवी पुळी दिसता कामा नये. जमत नसेल तर मांजर बाहेर."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. मांजर बाहेर काढणं मला कठीण नव्हतं, पिशवीत घालून मांजरी गावाकडच्या शेतात सोडून आलो असतो. पण तेव्हा ही जेवायची ती फक्त मांजर शेजारी बसली असली तरच. मऊ भाताचे चार घास, तेही तिच्याशी बोलत बोलत. मी वाढलेलं ताट तसंच परत यायचं. बंगळुरूहून मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, प्लीज, देऊन टाका ना कुणाला तरी." ही ते ऐकत होती. त्या दुपारी मी मांजर गॅलरीत कोंडून बघितली, आणि ताट जसंच्या तसं राहिलं. म्हणजे मांजर गेली तर ही जेवणार नाही, आणि पिसवा राहिल्या तर हिला औषध मिळणार नाही. मी मोरीत नळ सोडून रडलो. साठी उलटलेल्या माणसाला रडायला आमच्या फ्लॅटमध्ये दुसरी जागा नाही.

खरं सांगायचं तर माझा पिसवांवर विश्वासच नव्हता. मांजरीला उलटीपालटी करून पाहिलं, एकही दिसली नाही. आमच्या घरात पिसवा? रोज फरशी पुसतो आम्ही! तरी सल्ले यायचे ते आलेच. एकानं सांगितलं, खोबरेल तेलात कापूर विरघळवून चोळा. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांच्या कुत्र्याचं उरलेलं औषध आणून दिलं. "आमचा ठणठणीत झाला," म्हणाले. ती बाटली खिशात आणि मांजर भाजीच्या झाकण असलेल्या टोपलीत घालून मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून लहान. मी पिसवा नसल्याचं भाषण सुरू केलं, तर ते अर्ध्यातच तोडून त्यांनी मांजरीच्या शेपटीच्या मुळाशी केस उलटे फिरवले. आत काळे बारीक कण होते, जळक्या रव्यासारखे. मी म्हटलं, "धूळ आहे, पत्र्यावर लोळते ती." त्यांनी ते कण ओल्या कापसावर ठेवले. थोड्या वेळानं प्रत्येक कणाभोवती कापूस लाल झाला.

"धूळ अशी लाल होते का, काका? ही पिसवांची घाण आहे. म्हणजे पचलेलं रक्त, तुमच्या मांजरीचं." मग मांजरीचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. "बघा, किती फिक्या आहेत. तिला जेवण जात नसेल."

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या घरात दोघींचं रक्त कमी झालं होतं, आणि मी एकीचेच रिपोर्ट फाईलला लावत होतो.

मी खिशातली बाटली टेबलावर ठेवली. लेबल वाचून बाईंचा चेहराच बदलला. "हे लावलं नाहीत ना? कुत्र्याचं औषध आहे. मांजरीला यानं झटके येतात, मरते. कापूरही नको, फिनेलही नको." बाटली त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. मांजरीचं वजन करून त्यांनी तिचं वेगळं औषध दिलं. मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर थेंब सोडायचे, आणि वाळेपर्यंत हिनं तिला हात लावायचा नाही. "पण काका, अंगावरच्या पिसवा थोड्या. अंडी आणि कोष तुमच्या अंथरुणात, सोफ्याच्या फटीत आहेत. सगळं गरम पाण्यात धुवा, कोपरे झाडा, रोज. आणि बारीक दातांच्या कंगव्यानं तिला विंचरा, निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवा. मध्ये नव्या दिसतील. त्या कोषातून येतात. घाबरून औषध दुप्पट करू नका."

सोफा ओढला, दिवाण उलटा केला, चादरी, अभ्रे, पायपुसणी सगळी उकळत्या पाण्यात घातली. मुलीनं व्हॅक्यूम क्लीनर मागवून दिला. त्याची पिशवी रोज खाली नेऊन टाकत होतो. खिडकीला जाळी ठोकली, तर मांजर तिच्यासमोर बसून माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तिची लाईट तोडली आहे. हिचे घोटे मी सकाळी चष्मा लावून तपासायचो. दोन दिवस काही नसायचं, मग एक नवी पुळी. तसं झालं की मी सोफा पुन्हा ओढायचो. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न तिळाएवढ्या किड्यावर येऊन अडावा याचा मला संताप यायचा, आणि तो संताप काढायला तिथे कुठली तक्रार खिडकीसुद्धा नव्हती.

कंगव्याचंही जमेना. दुकानातून आणलेल्या कंगव्याचे दात वाकायचे, पिसू मधून निसटून जायची. मी तो भिंतीवर फेकून मारला. ही पलंगावरून हे सगळं बघत होती. म्हणाली, "कपाटाच्या खणात माझी फणी आहे. ती घ्या."

फणी मला माहीत होती. लाकडाची, दोन्ही बाजूंनी दात असलेली. लग्नात हिच्या आईनं कुंकवाच्या करंड्याबरोबर दिलेली. त्याच फणीनं दर रविवारी सकाळी आमच्या मुलीच्या डोक्यातल्या उवा निघाल्या होत्या, रडारड आणि धपाट्यांसकट. मी खण उघडला. फणीच्या दातांत हिचं शेवटचं गुंतवळ तसंच होतं, काळ्यापांढऱ्या लांब केसांचं. पहिल्या डोसनंतर केस हातात यायला लागले तेव्हापासून ही डोक्याला रुमाल बांधत होती, आणि त्या रुमालाकडे मी नीट पाहिलंही नव्हतं. मी फणी हातात धरून तसाच उभा राहिलो.

"काढा ते," ही म्हणाली. "त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"असू दे. मी दुसरी आणतो तुळशीबागेतून."

"माझ्या डोक्याला आता तिचं काय काम? मांजरीच्या अंगाला तरी होऊ दे."

मी गुंतवळ काढलं. ते फेकवेना, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग पांढऱ्या कागदावर मांजर घेतली आणि मानेपासून शेपटीपर्यंत फणी फिरवली. पहिल्याच फेऱ्यात एक पिसू दातांत अडकली, तपकिरी, चपटी, पाय झाडत असलेली. वाटीतल्या साबणाच्या पाण्यात बुडाली तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला मला लाज वाटत नाही. शितावरून भाताची परीक्षा, म्हणजे आत अजून बऱ्याच असणार, त्यामुळे हा आनंद फार टिकला नाही. पण रोज फणी चालू राहिली. मांजर आधी ओरबाडायची, नंतर मान पुढे करू लागली.

बाईंनी एक युक्ती सांगितली होती. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढायचे आणि घरभर चालायचं. पिसू असेल तर मोज्यावर उडी मारते, दिसते. धोतराचं वय झालेला मी लेंगा वर खोचून, पांढरे मोजे चढवून खोल्याखोल्यांतून संथ फेऱ्या मारू लागलो. ही हसली. कित्येक आठवड्यांनी आवाज काढून हसली. "क्रिकेटचा पंच शोधताय का हो?" म्हणाली.

हळूहळू मोजे पांढरेच राहू लागले. कागदावर काळे कण पडेनासे झाले. मांजरीच्या हिरड्या गुलाबी झाल्या आणि हिच्या घोट्यांवर जुन्या पुळ्यांचे फिके डाग तेवढे उरले. हॉस्पिटलची तारीख आली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डोस मिळणार होता आणि मांजर राहणार होती. दोन्ही मी मिळवलं होतं.

डॉक्टर नवा स्कॅन बघत होते. त्यांनी विचारायच्या आधीच मी खाली वाकून हिच्या पायावरची साडी जरा वर केली. "बघा डॉक्टर, एकही नवी नाही."

त्यांनी पायांकडे पाहिलंच नाही. "छान," ते म्हणाले. "मांजर राहू द्या यांच्याजवळ. मांडीवर, अंथरुणात, कुठेही. आता काही हरकत नाही."

मी हिच्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. ही माझ्याकडे बघत नव्हती.

"आणि डोस?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी स्कॅन पाकिटात घातला. "तो आपण आता थांबवू," म्हणाले. त्यांनी हे फार हळू आवाजात सांगितलं. मी अजून वाकलेलाच होतो, आणि मला सरळ होता येईना.

घरी आल्यावर ही पलंगावर टेकून बसली आणि तिनं हाक मारली, "अगं." मांजर उडी मारून मांडीवर आली. "फणी आणा," मला म्हणाली. "आज मी विंचरते." मी पांढरा कागद अंथरला आणि साबणाच्या पाण्याची वाटी धरून शेजारी बसलो. तिनं मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश फणी फिरवली, मग कागदावर झटकली. कागद कोरा राहिला.

"बघा हो," ती म्हणाली. "एकही नाही."

"नाही," मी म्हणालो, आणि तिच्यासाठी भात मऊ करायला उठलो.