सोमलाकाकांची दोन वाक्यं

तांड्यावरचे सोमलाकाका गेले, हे घाटंजीच्या बाजारात कळलं. तसाच आमच्या दारूबंदी समितीच्या कचेरीत गेलो, तर अध्यक्षांनी शोकाचा ठराव लिहून तयार ठेवलेला : ‘आजन्म निर्व्यसनी, दारूचे कट्टर वैरी.’ मी म्हटलं, पहिलं खरं आहे, दुसरं खोटं आहे, खोडा. अध्यक्ष म्हणाले, “आता ते कुठं वाचायला येणार आहेत?” जिवंतपणी ज्याला भट्टीवाला म्हणून हिणवलं, तो मेल्यावर आपल्या कामाचा करून घ्यायचा? सही न करता बाहेर पडलो. त्याला काही आठवडे झाले. राग गेलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

काका बंजारा. वाडवडिलांनी बैलांवर मीठ-धान्य वाहिलं. हे पहिल्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीबरोबर फ्रान्सला गेले. बाप मोहाच्या दारूनं गेलेला, म्हणून निघताना आईनं शपथ घातली होती, थेंब गिळायचा नाही. आणि पलटणीचा तळ पडला तो नेमका द्राक्षांच्या एका लहानशा मळ्याशेजारी! मळ्याची मालकीण विधवा, गावातले गडी लढाईवर. द्राक्षं ओढायला तिनं खेचरं मागितली, खेचरांबरोबर काका गेले. तिथं तांबडी दारू व्हायची. तीन जातींची द्राक्षं, तिन्हींची पिंपं वेगळी. एकीनं रंग नि जोर यायचा, दुसरीनं वास, तिसरी नुसती आंबट. थंडीत मालकीण तिन्हींतलं थोडं थोडं एका ग्लासात मिसळायची, चाखायची, थुंकायची, पुन्हा मिसळायची. तिचे म्हातारे गडी थुंकायला तयार नसत... दुपारपर्यंत त्यांना सगळंच छान लागायला लागे. शपथेपायी प्रत्येक घोट इमानानं थुंकणारा आमचा एकच माणूस. संध्याकाळी तिचा भरवसा याच्या जिभेवर. “ते आंबटवालं नुसतं चाखलं तं दात आंबून जात,” काका सांगायचे, “पन ते नसलं का बाकीचे दोघं भांडत बसत.”

ही हकिकत ऐकून मला वाटलं, सभेला याहून चांगला वक्ता मिळायचा नाही. दारूच्या घरात राहून कोरडा परतलेला माणूस! बाजाराच्या दिवशी त्यांना उभं केलं. काका म्हणाले, “पेलो नाही, हे खरं हाय. पन ते दारू वाईट होती असं मी कायले म्हनू? लय नाजूक चीज होती, बाप्पा. जिभेवर आली का आधी काई बोलेच नाही, मंग हळूहळू...” आणि सुरूच! भाजीची दुकानं सोडून लोक पुढं सरकले. मागून एक जण ओरडला, “काका, एवढी तारीफ करून राह्यले, तं एखादी शिशी काहून नाही आनली?”

“आनली असती तं तू गिळली असती ना!”

बाजार हसून लोटपोट. अध्यक्षांचं तोंड मात्र पाहण्यासारखं झालं.

हे हसण्यावारी जायला हवं होतं. अध्यक्षांनी जाऊ दिलं नाही. माणूस भट्टीचा आहे, असं पसरवलं. तक्रार गेली, शिपाई तांड्यावर आले, विहिरीपाशी काकांनी चढवलेला द्राक्षाचा वेल उपटून पाहिला, घरातली बरणी हुंगली. बरणीत जांभळाचा सिरका! खटला झाला नाही, पण नाव चिकटलं. नातीला पाहायला आलेले पाहुणे तांड्याबाहेरूनच परतले. मी दारूबंदीचाच माणूस आहे, उद्याही पत्रकं वाटीन. पण न पिणाऱ्याला बदनाम करणं ही कुठली दारूबंदी? समितीत भांडभांड भांडलो. शेवटी अध्यक्ष कबूल झाले की पत्रकात छापू, सोमला कधी प्यायला नाही. धावत तांड्यावर गेलो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आनं ते दारू चांगली होती, हे?”

“ते कसं छापतील, काका?”

“मंग काईच नोका छापू.”

“अहो, नातीच्या लग्नाचं तरी बघा...”

“भाऊ, त्या बाईनं मले पोरावानी ठेवलं. आता माह्या नावापायी तिच्या पिंपात थुकू काय?”

पत्रक निघालं नाही. ते चिकटलेलं नाव घेऊनच काका गेले...

म्हणून इथं दोन्ही छापतो. सोमलाकाकांनी जन्मात दारूचा थेंब गिळला नाही. आणि फ्रान्समधल्या त्या मळ्याची तांबडी दारू फार चांगली होती.

परवा हा मजकूर तांड्यावर नेऊन काकींना वाचून दाखवला. नात उंबऱ्यात बसून ऐकत होती. काकींनी चुलीवरचं वरण उतरवलं. मग म्हणाल्या, “तुमी चाखली होती काय ते?”

“मी? छे!”

“मंग चांगली होती म्हनून कोनाच्या भरवशावर लिवलं?”

“काकांच्या.”

“तं मंग खरंच चांगली असन,” काकी म्हणाल्या. “माह्या वरनाले तं एवढ्या वर्सांत त्यानं एकदाई चांगलं म्हनलं नाही.”

बोलता बोलता त्यांनी वरणाची पहिली वाटी भरली आणि सवयीनं भिंतीकडच्या काकांच्या मोकळ्या जागेसमोर सरकवली. हात क्षणभर तिथंच थांबला... मग वाटी उचलून त्यांनी माझ्यापुढं ठेवली, आणि मी काय म्हणतो म्हणून बघत राहिल्या.

मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं.